मुलींचा अपव्यापार, कायदा आणि आपले कर्तव्य

(बुद्धविहारातील वर्षावास व्याख्यानमालेत एका वकील बांधवांनी दिलेले हे भाषण वाचकांच्या आग्रहावरून येथे देत आहोत. — संपादक)

धम्मबंधूंनो आणि भगिनींनो,



आपणांपैकी पुष्कळांनी अलीकडेच त्रिशरण आणि पंचशील ग्रहण केले आहे. घरातील देव्हारे काढून आपण तेथे तथागताची व बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची प्रतिमा ठेवली आहे. हा आनंदाचा प्रसंग होय. तथापि आज मी आपणांपुढे जो विषय मांडणार आहे तो आनंदाचा नाही. तो मुलींच्या विक्रीचा आहे. हा विषय विहारात कशाला, असे काहींस वाटेल. ज्या घरातून मुलगी नाहीशी होते त्या घरास हा प्रश्न विचारून पाहावा, एवढेच माझे उत्तर आहे.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्या कचेरीत आले. मजुरी करून पोट भरणारे, साधे, नुकतीच धम्मदीक्षा घेतलेले. जयभीम करून ते बराच वेळ खाली मान घालून बसले. त्यांची सोळा वर्षांची मुलगी ओळखीतल्या एका इसमाने शहरात घरकामास लावतो म्हणून नेली होती. जाताना त्याने बापाच्या हातावर वीस हजार रुपयांची उचल ठेवली. पाच महिन्यांनी कोणा अनोळखी बाईच्या हातून मुलीचा निरोप आला, आणि घरकाम कसले ते बापास कळले. कळल्यानंतर आठ दिवस त्यांनी ही गोष्ट कोणास सांगितली नाही. शेवटी ते माझ्याकडे आले आणि त्यांनी मला दोन प्रश्न विचारले. "वकीलसाहेब, फिर्याद दिली तर माझ्या पोरीलाच तुरुंगात घालतील ना? आणि पैसे तर मी घेतले. मग मीही आरोपीच का?"

बंधूंनो, हे दोन प्रश्न त्या एका बापाचे नव्हेत. या दोन प्रश्नांच्या भीतीने कितीतरी घरे मुकी होऊन बसतात, आणि त्यांच्या मुकेपणावर दलालाचा धंदा चालतो. म्हणून आज मी कायदा समजावून सांगणार आहे तो या दोन प्रश्नांच्या अनुरोधानेच.

प्रथम मूळ पाहू. आपल्या संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार यांना मनाई केली आहे. हा मूलभूत हक्क आहे. पुष्कळसे मूलभूत हक्क शासनाविरुद्ध असतात. हा हक्क मात्र शासनाविरुद्ध आहे तसाच सावकार, दलाल, कुंटणखान्याची मालकीण, किंबहुना सख्खा नातेवाईक यांच्याविरुद्धही आहे. पुढे पस्तिसाव्या अनुच्छेदाने अशा गुन्ह्यांस शिक्षा ठरविण्याचा अधिकार राज्यांच्या विधिमंडळांकडे न ठेवता संसदेकडे सोपविला. त्यामुळे या गुन्ह्याची शिक्षा प्रांताप्रांतातील उच्चवर्णीयांच्या मर्जीवर अवलंबून राहिली नाही.

आणखी एक योगायोग आपण ध्यानात ठेवावा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास आपल्या समाजाने धम्मदीक्षा घेतली. त्याच वर्षीच्या ३० डिसेंबर रोजी स्त्रिया व मुली यांच्या अनैतिक व्यापारास आळा घालणाऱ्या कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. १९८६ साली त्यात दुरुस्ती होऊन तो 'अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६' या नावाने ओळखला जाऊ लागला. ज्या वर्षी आपण माणूस म्हणून उभे राहिलो, त्याच वर्षी माणसाच्या विक्रीविरुद्ध हा कायदा झाला.

आता अपव्यापार म्हणजे काय ते पाहू. जुन्या भारतीय दंड संहितेत, म्हणजे १८६० च्या कायद्यात, गुलाम म्हणून माणसाची खरेदी-विक्री करणे एवढाच गुन्हा ३७० व्या कलमात सांगितला होता. न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर २०१३ साली ते कलम नव्याने लिहिले गेले. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, आणि हीच व्याख्या आता तिच्या १४३ व्या कलमात आहे.

या व्याख्येचे तीन भाग आहेत. पहिला भाग कृतीचा. माणसाची भरती करणे, त्यास एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणे, लपवून ठेवणे, दुसऱ्याच्या हवाली करणे किंवा ताब्यात घेणे. यांपैकी कोणतीही एक कृती पुरे होते. जो घरातून नेतो तो गुन्हेगार, जो वाटेत खोलीत ठेवतो तो गुन्हेगार आणि जो शेवटी उतरवून घेतो तोही गुन्हेगार. दुसरा भाग साधनाचा. धमकी, बळजबरी, पळवून नेणे, फसवणूक, अधिकाराचा दुरुपयोग, अथवा ज्याच्या ताब्यात ती व्यक्ती आहे त्याची संमती मिळविण्यासाठी पैसे किंवा अन्य लाभ देणे. तिसरा भाग हेतूचा. तो हेतू शोषणाचा असला पाहिजे. आणि लैंगिक शोषण, गुलामी, दास्य, भीक मागावयास लावणे इत्यादी गोष्टी शोषणात मोडतात असे कायदा स्पष्ट म्हणतो.

या व्याख्येत त्या बापाच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. वीस हजारांची उचल ही दलालाने वापरलेले साधन होती. ताबा असणाऱ्यास पैसे देऊन संमती मिळविणे, हेच कायद्याने गुन्ह्याच्या साधनांत गणले आहे. वेश्याव्यवसायासाठी मूल विकणाऱ्यास न्याय संहितेच्या ९८ व्या कलमाने दहा वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे, आणि तो बापासही लागू होतो; परंतु आपल्या मुलीचा तसा उपयोग होणार हे विकणाऱ्यास ठाऊक असावे लागते, किंवा त्याचा तसा हेतू असावा लागतो. ज्यास घरकाम म्हणून फसविले, तो विकणारा नव्हे. तो खटल्यातील साक्षीदार होय. आणि अशा मुलीस विकत घेणाऱ्यास ९९ व्या कलमान्वये सात वर्षांहून कमी नाही आणि चौदा वर्षांपर्यंत वाढू शकेल, अशी शिक्षा आहे.

पुष्कळ दलाल न्यायालयात एक बचाव घेतात: "ती स्वखुशीने आली." कायद्याने हे दार बंद केले आहे. अपव्यापार ठरविताना, त्यास बळी पडलेल्या व्यक्तीची संमती विचारात घ्यावयाची नाही, असे १४३ व्या कलमाचे स्पष्टीकरण सांगते. भुकेल्या मुलीने नोकरीच्या आशेने मान हलविली, ती संमती नव्हे.

शिक्षेची पायरी अशी आहे. एका प्रौढ व्यक्तीचा अपव्यापार केल्यास किमान सात वर्षे व कमाल दहा वर्षे सक्तमजुरी, शिवाय दंड. एकाहून अधिक व्यक्तींचा केल्यास किमान दहा वर्षे आणि जन्मठेपेपर्यंत. अठरा वर्षांखालील एका मुलाचा किंवा मुलीचा केल्यास तितकीच, म्हणजे दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत; अशी मुले एकाहून अधिक असल्यास किमान चौदा वर्षे. मुलांच्या अपव्यापाराबद्दल एकाहून अधिक वेळा दोषी ठरलेल्यास, तसेच या गुन्ह्यात सामील झालेल्या लोकसेवकास वा पोलिसास, उरलेले सारे आयुष्य तुरुंगात काढण्याची शिक्षा आहे. एवढेच नव्हे, तर अपव्यापार झालेली मुलगी आहे हे ठाऊक असून, किंवा तसे समजण्यास कारण असून, जो तिचा लैंगिक उपभोगासाठी वापर करतो त्यासही १४४ व्या कलमाखाली किमान पाच व कमाल दहा वर्षे सक्तमजुरी आहे. ती प्रौढ असल्यास ही शिक्षा तीन ते सात वर्षे आहे. गिऱ्हाईक म्हणून आलेला मनुष्य आता कायद्याच्या हाताबाहेर राहिलेला नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. मुलीला तुरुंगात घालतील काय?

याचे उत्तर १९५६ च्या अधिनियमात शोधावे लागते. त्या अधिनियमाने कुंटणखाना चालविणे, दुसऱ्याच्या देहविक्रयाच्या कमाईवर जगणे, देहविक्रयासाठी कोणास मिळवून आणणे आणि कुंटणखान्यात अडकवून ठेवणे हे गुन्हे ठरविले आहेत. अडकवून ठेवणाऱ्यास किमान सात वर्षांची शिक्षा आहे. मुलीचे दागिने, कपडे किंवा पैसे कोणी ताब्यात ठेवले, तर तिला अडकवून ठेवले आहे असेच कायदा गृहीत धरतो. "तुझ्यावर माझे इतके कर्ज आहे, ते फेड आणि मग जा," असे जे कुंटणखान्यात सांगितले जाते, तेही कायद्यास मान्य नाही. अडकवून ठेवणाऱ्यास अशा कर्जाच्या वसुलीसाठी त्या स्त्रीविरुद्ध दावा लावता येत नाही. ही गोष्ट प्रत्येक आईने आपल्या मुलीस सांगून ठेवावी.

देहविक्रय करणारी प्रौढ स्त्री केवळ त्या कारणाने गुन्हेगार ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० साली हे स्पष्टपणे सांगितले. सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२२ मध्ये आदेश दिले, की कुंटणखाना चालविणे बेकायदा असले तरी स्वेच्छेने या व्यवसायात असलेल्या प्रौढ स्त्रीस छाप्याच्या वेळी अटक करू नये, तिला त्रास देऊ नये, आणि माणूस म्हणून तिची प्रतिष्ठा राखली जावी. अल्पवयीन मुलगी तर कायद्याच्या दृष्टीने सर्वस्वी पीडितच आहे. तिला तुरुंगात नव्हे, बालकल्याण समितीपुढे नेले जाते.

परंतु वकील म्हणून मी आपणांस अर्धसत्य सांगणार नाही. याच अधिनियमाचे आठवे कलम सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलाविण्यास गुन्हा मानते. त्याबद्दल स्त्रीस पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कारावास आहे. तोच गुन्हा पुरुषाने केला तर त्यास जास्तीत जास्त तीन महिने! मनूने स्त्रीस व पुरुषास निराळ्या तराजूत तोलले, म्हणून बाबासाहेबांनी १९२७ साली महाडास मनुस्मृतीचे दहन केले. संसदेच्या कायद्यात तसल्या तराजूचा एक तुकडा अजून शिल्लक राहिला आहे, तो काढून टाकण्याची मागणी आपण संघटितपणे केली पाहिजे. तसेच कुंटणखाना चालविणाऱ्यास पहिल्या गुन्ह्याबद्दल एक ते तीन वर्षे आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड एवढीच शिक्षा त्या अधिनियमात आहे. दोन हजार रुपये ही आज कोणती किंमत आहे, ते आपणच ठरवा.

आता राज्याच्या कायद्याकडे येतो, कारण आपल्या समाजाचा आणि त्याचा फार जवळचा संबंध आहे. देवाच्या नावाने मुलगी सोडण्याची चाल ही अपव्यापाराची सर्वांत जुनी आणि सर्वांत पवित्र मानलेली वाट होती. ज्या मुली सोडल्या जात त्या बहुतांशी कोणाच्या घरच्या असत, हे मी आपणांस सांगावयास नको. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षण कायदा झाला. मुलगी देवास वाहणे त्याने बेकायदा ठरविले आणि देवदासीचा विवाह वैध ठरविला. कर्नाटकाने १९८२ साली तशा मनाईचा कायदा केला. महाराष्ट्राने २००५ साली देवदासी प्रथा निर्मूलनाचा अधिनियम केला. या राज्यात आज मुलगी देवास सोडणे, त्या विधीत भाग घेणे, त्यास उत्तेजन देणे हा फौजदारी गुन्हा आहे. "आमची परंपरा आहे" हा बचाव न्यायालयात चालत नाही.

यावर अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ याची भर आहे. २०१५ च्या दुरुस्तीने, अनुसूचित जातीच्या स्त्रीस देवदासी म्हणून वाहणे, अथवा त्यास प्रोत्साहन देणे, हा स्वतंत्र अत्याचार ठरला. त्यास सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हा कायदा लागू होण्यास गुन्हेगार अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असावा लागतो. तो आपल्यातला असला तर न्याय संहिता आणि राज्याचा कायदा लागू आहेतच.

येथे नवदीक्षित कुटुंबांच्या मनातील एक शंका दूर करतो. "आम्ही बौद्ध झालो, मग अनुसूचित जातीचे संरक्षण गेले काय?" नाही. १९५० च्या आदेशात १९९० साली दुरुस्ती होऊन, अनुसूचित जातीतील बौद्धांनाही ते स्थान मिळाले आहे. आपला जातीचा दाखला नीट करून ठेवा. धम्म स्वीकारल्याने आपले हक्क कमी झालेले नाहीत. कोणी अधिकारी तसे म्हणत असेल तर त्यास ही दुरुस्ती दाखवा.

फिर्याद कोठे द्यावयाची? कोणत्याही पोलीस ठाण्यात. गुन्हा दुसऱ्या शहरात घडला आहे, तिकडे जा, असे म्हणून पोलिसांना आपणांस परत पाठविता येत नाही. हद्द कोणतीही असो, खबर नोंदवून घेतलीच पाहिजे, हा नियम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात आहे. नोंदविलेल्या खबरेची प्रत मोफत मागून घ्या. वकिलास द्यावयास पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ याच्या बाराव्या कलमात मोफत वकील कोणास मिळावा त्याची यादी आहे. तीत अनुसूचित जातीची व्यक्ती आहे, अपव्यापाराचा बळी आहे, आणि स्त्रिया व मुले आहेत. म्हणजे आपल्या मुलीचा हक्क त्या एकाच कलमात तीन वेळा लिहिलेला आहे. मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तातडीच्या मदतीसाठी ११२ आहे.

आणि गप्प राहण्याविषयी कायदा काय म्हणतो तेही ऐका. अठरा वर्षांखालील मुलावर वा मुलीवर लैंगिक गुन्हा झाल्याचे ज्यास ठाऊक आहे, त्याने तो पोलिसांस कळविलाच पाहिजे, असे २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचे १९ वे कलम सांगते. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मात्र मुलीची साक्ष बंद न्यायालयात होते आणि तिचे नाव उघड होऊ न देण्याची जबाबदारी न्यायालयावर असते. आपण ज्यास अब्रू राखणे म्हणतो, ते मौन कायद्याच्या दृष्टीने गुन्हा आहे. आणि अब्रूचे खरे रक्षण कायद्यानेच करून ठेवले आहे.

हे सारे मी त्या गृहस्थांस सांगितले. त्याच संध्याकाळी फिर्याद झाली. काही दिवसांनी मुलगी सापडली. परंतु तिला तत्काळ घरी पाठविले नाही. कुटुंब तिला नीट सांभाळील की नाही, याची चौकशी करूनच तिला परत पाठवावयाचे असते. चौकशीसाठी बाई वस्तीत आल्या तेव्हा शेजाऱ्यांपैकी काहींनी सांगितले, "आता तिला आणून काय करायचे? आमच्याही पोरी आहेत." हे सांगणारे आपलेच लोक होते, धम्मदीक्षा घेतलेले. मला त्या रात्री झोप आली नाही. दलालास शिक्षा देण्यास कायदा समर्थ होता. पण घराचे दार उघडणे त्याच्या हातात नव्हते.

शेवटी विहारातील चार उपासिका त्या बाईंकडे गेल्या आणि मुलीची जबाबदारी आम्ही सर्वजणी घेतो, असे त्यांनी लिहून दिले. मुलगी घरी आली. पुढे तिने सतरा नंबरचा अर्ज भरून दहावीची परीक्षा दिली. खटला अजून चालू आहे. तिची साक्ष झाली आहे.

बंधूंनो आणि भगिनींनो, १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, पोतराज यांची सभा बाबासाहेबांच्या धर्मांतराच्या घोषणेस पाठिंबा देण्यासाठी भरली होती. त्या सभेत बाबासाहेबांनी कामाठीपुऱ्यातील भगिनींना तो अपमानाचा जीवनक्रम सोडून स्वाभिमानाने जगण्याचा उपदेश निक्षून केला. तो उपदेश कठोर होता. पण त्यांनी त्या भगिनींना सभेबाहेर ठेवले नाही, त्यांना समोर बसवून तो केला. त्यांनी बाहेर यावे असे म्हणणाऱ्यांनी, त्या बाहेर आल्यावर त्यांच्यासाठी जागा करून ठेवली पाहिजे. हे आपले अपुरे राहिलेले काम आहे.

भगवान बुद्धांचे आचरण पाहा. वैशालीची आम्रपाली ही गणिका. तिने भोजनाचे निमंत्रण दिले आणि भगवंतांनी ते स्वीकारले. ते भोजन आपणांस मिळावे म्हणून लिच्छवी राजपुत्रांनी तिला लाखाचे मोल देऊ केले. तिने ते नाकारले. लिच्छवी भगवंतांकडे गेले, तेव्हा भगवंतांनी आम्रपालीस दिलेला शब्द मोडला नाही. पुढे तिने आपली आमराई संघास अर्पण केली. भगवंतांनी गणिकेच्या घरी भोजन घेतले. परंतु माणूस विकणाऱ्यास त्यांनी क्षमा केली नाही. अंगुत्तर निकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रांचा, सत्त्वांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. यातील 'सत्तवणिज्जा' म्हणजे मनुष्यविक्रय, असा अर्थ अट्ठकथेत दिला आहे. संविधानाचा तेविसावा अनुच्छेद आणि तथागताची ही शिकवण यांत मला अंतर दिसत नाही.

म्हणून आपण आपल्या विहारात एक साधी व्यवस्था करावी. मुलीस दूरच्या कामास नेणारा कोणीही आला, तर त्याचे नाव, पत्ता आणि कामाचे ठिकाण विहाराच्या वहीत लिहून घ्यावे. उचल देऊ पाहणाऱ्याकडे अधिकच संशयाने पाहावे. महिन्यातून एकदा मुलीशी प्रत्यक्ष बोलणे झाले की नाही, याची विचारपूस दोन उपासिकांनी करावी. आणि गेलेली मुलगी परत आली, तर पहिल्या दिवशी तिच्या घरी वंदनेस जाणारे आपण असावे.

कायदा पुस्तकात आहे. तो आपल्या वस्तीत आणण्याचे काम कोणी वकील करू शकत नाही. ते आपणच केले पाहिजे.

भवतु सब्ब मंगलम्. जयभीम.